चारचौघांतलं देणं

२०२१ सालच्या २४ मे रोजी सामोआच्या संसदभवनाला कुलूप होतं. बावीस वर्षं पंतप्रधान राहिलेले नेते खुर्ची सोडायला तयार नव्हते आणि बहुमत मिळवलेल्या फियामे नाओमी माताआफा आपल्या सदस्यांसह बाहेर थांबल्या होत्या. सरन्यायाधीश झगा आणि विग अशा पोशाखात चालत आले, दारं बंद असल्याची खात्री करून परत गेले. संध्याकाळी संसदेच्या हिरवळीवर मांडव घातला गेला आणि त्या मांडवाखाली देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधानाने शपथ घेतली. जुलैमध्ये अपील न्यायालयाने तो शपथविधी ग्राह्य धरला. जगभरच्या बातम्यांत हा प्रकार एक गंमत म्हणून आला. मला मात्र तो मांडव पाहून सामोअन घर आठवलं. वर छप्पर, खाली खांब, भिंती कुठेच नाहीत, आणि आत काय चाललंय ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतंय. गावातली महत्त्वाची कामं तिथे पिढ्यान्‌पिढ्या अशाच जागी बसून होत आली आहेत.

सामोआविषयी आपल्याला जे वाचायला मिळतं त्यात एक तर निळ्या पाण्याची वर्णनं असतात, नाही तर लठ्ठपणाचे आकडे. माणसं दोन्हींतून निसटतात. जेमतेम दोन लाख वस्तीचा हा देश. त्याच्यावर मिशनरी आले, जर्मन आले, न्यूझीलंडचं राज्य आलं. शेजारच्या बेटांवर अमेरिका आजही आहे. तरीही गावाची जुनी रीत तिथे रोजच्या व्यवहारात चालू आहे. तिला ते 'फाआ सामोआ' म्हणतात, म्हणजे सामोआची पद्धत. ही पद्धत कशाच्या जोरावर टिकली आणि तिची किंमत कोण मोजतं, हा मला या सगळ्यातला खरा प्रश्न वाटतो.

आधी नकाशा पाहू. हवाई आणि न्यूझीलंड यांच्या साधारण मधोमध हा द्वीपसमूह आहे आणि त्याचे राजकीय तुकडे दोन. पश्चिमेला स्वतंत्र सामोआ: उपोलू आणि सवाईई ही दोन मोठी बेटं, मधे मानोनो आणि आपोलिमा ही चिमुकली. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या २,०५,५५७. पूर्वेला अमेरिकन सामोआ: तुतुइला आणि मानुआ बेटं, वस्ती पन्नास हजारांच्या आत. भाषा एक, नातीगोती एक, वार मात्र वेगळे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी व्यापार सोपा व्हावा म्हणून स्वतंत्र सामोआने २०११ साली आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडे उडी मारली आणि त्या वर्षी तिथे ३० डिसेंबर हा दिवस उगवलाच नाही. विमानाने तासाभराच्या आत पोहोचता येतं अशा दोन राजधान्यांत तेव्हापासून एका अख्ख्या दिवसाचं अंतर आहे. उच्चाराबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. सामोअन लिपीत रोमन 'जी' हे अक्षर आपल्या 'ङ'साठी वापरतात. त्यामुळे नकाशावर 'पागो पागो' असं वाचलं जाणारं बंदर प्रत्यक्षात 'पांगो पांगो' आहे.

या बेटांवर माणूस सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी आला. उपोलूच्या पश्चिम टोकाला, मुलीफानुआजवळ, समुद्राच्या तळाशी त्या काळातल्या लापिता शैलीच्या खापऱ्या सापडल्या आहेत. पुढची शेकडो वर्षं हे लोक होड्यांनी टोंगा-फिजीशी ये-जा करत राहिले. लग्नं झाली, लढाया झाल्या, आणि त्यांतून एक घट्ट समाजव्यवस्था उभी राहिली.

ती समजून घ्यायची तर घरापासून सुरुवात करावी. जुन्या पद्धतीच्या घराला 'फाले' म्हणतात. दगडांचा उंच चौथरा, त्यावर गोलाकार किंवा लांबट गोल रचनेत उभे खांब आणि वर उसाच्या पात्याने शाकारलेलं घुमटासारखं छप्पर. खिळा कुठेही नाही; सगळे सांधे नारळाच्या सुंभाने बांधलेले. पाऊस आला की माडाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे सोडायचे, थांबला की गुंडाळून वर बांधायचे. आता बरीचशी घरं सिमेंट-पत्र्याची झाली आहेत, पण अनेक कुटुंबं आजही आवारात एक उघडं फाले राखून असतात. पाहुणे तिथेच बसतात, मयतही तिथेच ठेवतात. गावाची सभा भरते तेव्हा प्रत्येक खांबाला अर्थ येतो. कोणत्या किताबाच्या माणसाने कोणत्या खांबाला टेकून बसायचं हे ठरलेलं असतं. नवखा माणूस चुकीच्या खांबाशी बसला तर त्याला कोणी रागावत नाही, पण सगळ्यांच्या ते लक्षात येतं.

हा किताबधारी माणूस म्हणजे 'मताई'. कुटुंबाला 'आइंगा' म्हणतात. त्यात चुलत, मावस, आत्ये, दत्तक, परदेशी गेलेले असे सगळे धरले जातात. या कुटुंबाचे स्वतःचे किताब असतात, आपल्याकडे वतनं असत तसे. फरक एवढाच की किताब बापाकडून थोरल्या मुलाकडे आपोआप जात नाही. कुटुंब एकत्र बसतं, वाद घालतं, कधी कधी वर्षानुवर्षं घालतं, आणि मग एकाला मताई करतं. त्या क्षणापासून त्याचं नावही तेच होतं. मताई दोन प्रकारचे. 'आलीई' हा सरदार. तो कमी बोलतो. 'तुलाफाले' हा वक्ता. हातात लांब काठी, खांद्यावर काथ्याची चवरी घेऊन तो उभा राहतो आणि वंशावळी, दंतकथा, म्हणी गुंफत तासभर बोलतो. सगळे मताई मिळून गावाची सभा होते, तिला 'फोनो' म्हणतात. भांडणं, दंड, शेताच्या सीमा, समुद्रात कुठे मासेमारी बंद ठेवायची, संध्याकाळी किती वाजता प्रार्थना, हे सगळं फोनो ठरवते. १९९० साली तिच्या अधिकारांना कायद्यानेही मान्यता मिळाली.

मताई व्हायचं कसं? सामोअन उत्तर एका शब्दात आहे: 'ताउतुआ', सेवा. ज्याला पुढे सत्ता हवी त्याने आधी राबलं पाहिजे, असं तिथे लहानपणापासून शिकवतात. विनाकिताब तरुणांचा गट, 'औमांगा', हे गावाचे हातपाय. शेती त्यांची, मासेमारी त्यांची, चूल पेटवणंही त्यांचंच. सभेत 'आवा' ढवळून देणंही त्यांच्याकडे. आवा हे मिरवेलीच्या कुळातल्या झुडपाच्या मुळ्या पाण्यात कालवून केलेलं पेय. इतर बेटांवर त्याला कावा म्हणतात. चव मातकट, जीभ किंचित बधिर करणारी. पेला कोणाला आधी, कोणाला नंतर, हा क्रम मोठ्या आवाजात पुकारला जातो. वारीतल्या दिंड्यांच्या क्रमाबद्दल ज्यांनी वाद ऐकले आहेत त्यांना यातलं गांभीर्य वेगळं समजावून सांगायला नको.

हा मानपान भाषेत मुरलेला आहे. साध्या माणसाचं जेवणं आणि सरदाराचं जेवणं यांना क्रियापदंच वेगळी. घराला 'फाले' म्हणायचं. पण आलीईचं घर असेल तर 'माओता' आणि तुलाफालेचं असेल तर 'लाओआ'. स्वतःच्या घराबद्दल बोलताना मात्र मोठ्यातल्या मोठ्या माणसाने साधाच शब्द वापरायचा. आपल्याकडे 'या गरिबाच्या झोपडीत' म्हणणारे यजमान होते, त्यांना ही अदब ओळखीची वाटली असती. बसलेल्या माणसांसमोरून जायचं असेल तर कमरेत वाकून, हळू आवाजात 'तुलोऊ' म्हणत जायचं. ऑकलंडच्या बसमध्येही सामोअन पोरं हे विसरत नाहीत. भाषेची आणखी एक गंमत म्हणजे व्यासपीठावर, प्रार्थनेत, रेडिओवर जो 'त' असतो त्याचा घरगुती गप्पांत 'क' होतो. दोन्ही ठिकाणी योग्य ते वापरणं हा संस्काराचा भाग.

आता स्वयंपाकघराकडे, आणि इथे मराठी वाचकाला थेट घरचीच वस्तू भेटते. सामोआचं मुख्य अन्न 'तालो', म्हणजे आपलं अळू, तीच वनस्पती. आपण पानांची वडी आणि फतफतं करतो, कंद दुय्यम. तिथे कंद हाच भात आणि हीच भाकरी. पानांचं मात्र ते जे करतात ते वाचून अळूवडी खाणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. कोवळी पानं एकावर एक तळहातावर मांडायची आणि त्यांची वाटी करायची. खाली बसून दातेरी लोखंडी पात्यावर नारळ खवायचा, अगदी आपल्या विळीच्या खवणीसारखा. तो चव झाडाच्या सालीच्या तंतूंत धरून पिळायचा. पाणी न घालता निघालेलं दाट दूध, मीठ, थोडा कांदा हे त्या वाटीत ओतायचं, पानं मुरडून पुरचुंडी करायची, वरून निरफणसाचं किंवा केळीचं पान गुंडाळायचं. हे 'पालुसामी'. पानं पूर्ण शिजली नाहीत तर घसा खाजतो, हेही आपल्यासारखंच. आपण त्याला चिंच-आमसूल लावतो, ते आचेवर भरवसा ठेवतात.

आच म्हणजे 'ऊमू'. जमिनीवर लाकडं पेटवून त्यावर दगड तापवायचे, निखारे बाजूला सारून गरम दगडांवर तालो, निरफणस, मासे, पालुसामी, सणासुदीला डुक्कर मांडायचं आणि वरून केळीच्या पानांचे थर दडपून टाकायचे. रविवारी पहाटे सामोआच्या गावांवर धुराचा पातळ थर तरंगतो तो या चुलींचा. हे काम तरुण पुरुषांचं. मग पांढरे कपडे घालून सगळं गाव चर्चला जातं आणि परतल्यावर रविवारचं मोठं जेवण. थोरांची पानं आधी, पोरांची नंतर. रोज संध्याकाळीही गावात शंख फुंकला जातो किंवा घंटा वाजते. त्या दहा-पंधरा मिनिटांत घरोघरी प्रार्थना असते आणि रस्त्यावर कोणी हिंडायचं नाही. औमांगाचे तरुण वेशीवर उभे राहून वाहनंही थांबवतात.

तालोच्या बाबतीत १९९३ साली जे घडलं ते शेतीत रस असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. तोपर्यंत तालो ही देशाची मोठी निर्यात होती, आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाला एकच वाण आवडे म्हणून शेतकरी बहुतेक तोच लावत. त्या वर्षी पानांवर करपा आला. दमट हवेत बुरशीसारखा हा रोग काही महिन्यांत दोन्ही बेटांवर पसरला आणि निर्यात जवळजवळ शून्यावर आली. त्याआधीच्या तीन वर्षांत ओफा आणि वाल या चक्रीवादळांनी लोक आधीच मोडले होते. त्यांना सावरलं निरफणसाने, केळ्यांनी आणि परदेशातल्या भावंडांच्या मनिऑर्डरीने. मग आशियातले आणि इतर बेटांवरचे वाण आणून संकर करण्याचं काम सुरू झालं. शेतकरी स्वतः रोपं निवडत, खाऊन पाहत, नापसंत करत. करप्याला दाद न देणारी आणि चवीला उतरणारी झाडं मिळायला दीड दशक गेलं. आज सामोआचा तालो पुन्हा बोटीने न्यूझीलंडला जातो.

ताटात बदल मात्र झाले, आणि चांगले झाले नाहीत. डबाबंद खारवलेल्या गोमांसाला सामोअन भाषेत 'पिसुपो' म्हणतात. शब्द आला 'पी सूप'वरून: बेटांवर पहिल्यांदा आलेल्या डब्यांत वाटाण्याचं सार होतं, मग सगळ्याच डब्यांना ते नाव चिकटलं. मानाच्या आहेरात पिसुपोच्या पेट्या जाऊ लागल्या. बाहेरच्या देशांत कोणी खात नाही असे टर्की पक्ष्याच्या शेपटीचे चरबीयुक्त तुकडे इथे स्वस्तात विकले जाऊ लागले. मधुमेह आणि हृदयविकार वाढताना पाहून सरकारने २००७ साली त्यांवर बंदी घातली, पण जागतिक व्यापार संघटनेत शिरताना ती उठवावी लागली. ही गोष्ट मला संतापजनक वाटते. ज्या देशाकडे तालो, निरफणस, नारळ आणि मासे आहेत त्याला बाहेरचा टाकाऊ माल नाकारण्याचाही हक्क राहू नये, याला व्यापाराचं स्वातंत्र्य म्हणवत नाही.

निसर्गाबद्दल सांगायचं तर इथली बेटं ज्वालामुखीची आहेत आणि सवाईईवरचा लाव्हा अजून ताजा वाटावा असा काळा आहे. १९०५ ते १९११ या काळात माताव्हानू धुमसत होता, त्यात सालेआउला गाव गाडलं गेलं. चर्चच्या भिंतींमधून लाव्हा थिजलेला आजही दिसतो. समुद्राचं पंचांग हे याहून सुरस. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पौर्णिमेनंतर सातव्या-आठव्या रात्री, म्हणजे आपल्या हिशेबाने वद्य सप्तमी-अष्टमीच्या सुमारास, प्रवाळातल्या पालोलो नावाच्या किड्यांचे अंडी-बीजांनी भरलेले मागचे भाग सुटून पहाटेआधी पाण्यावर येतात. हिरव्या-तपकिरी शेवयांसारखा तो तवंग. लोक कंदील आणि जाळ्या घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभे असतात, कारण ऊन चढलं की सगळं विरघळून जातं. परततात ते थेट तव्याकडे. नारळाचीही त्यांची स्वतःची कथा आहे: सिना नावाच्या मुलीवर भाळलेल्या ईल माशाने मरताना सांगितलं की माझं डोकं पुरून ठेव, त्यातून झाड येईल. शेंडी सोलल्यावर नारळाला दिसणारे तीन डोळे म्हणजे त्या माशाचे दोन डोळे आणि तोंड. शहाळं पिताना आपण त्याच तोंडाला तोंड लावतो.

जंगल मात्र आक्रसत आहे. डोडोचा दूरचा नातलग असलेला दातेरी चोचीचा मानुमेआ कबुतर हा राष्ट्रीय पक्षी जगात फक्त इथेच आहे आणि आता क्वचितच दिसतो. त्याच वेळी आपली साळुंकी, बाहेरून आणलेली, तिथे इतकी माजली की सरकारला तिच्याविरुद्ध मोहीम काढावी लागली. सवाईईच्या पश्चिम टोकावरच्या फालेआलुपो गावाची गोष्ट यात दिलासा देणारी आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गावाला शाळेसाठी पैसा हवा होता आणि त्यासाठी जंगल लाकूडतोडीला देण्यावाचून मार्ग दिसत नव्हता. तिथे औषधी वनस्पतींचा अभ्यास करणारे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ पॉल कॉक्स यांनी शाळेचा पैसा उभा केला आणि गावाने जंगल राखण्याचा करार केला. गावातल्या वैदूबायका काविळीवर 'मामाला' झाडाची साल देत. त्या सालीतून निघालेल्या द्रव्यावर पुढे एचआयव्हीच्या संशोधनात काम झालं, आणि त्यातून काही मिळकत झालीच तर वाटा गावाला, असं लेखी ठरलं.

इतिहासाचा भाग मी थोडक्यात आटोपणार होतो, पण १९१८ वरून पुढे जाववत नाही. १८९९ मध्ये जर्मनी आणि अमेरिका यांनी बेटं वाटून घेतली, १९१४ मध्ये न्यूझीलंडने जर्मन भाग ताब्यात घेतला. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून 'तालून' नावाची बोट राजधानी आपियाला लागली. तिच्यावर तापाचे रुग्ण होते. न्यूझीलंडच्या प्रशासनाने तिला वेगळं ठेवलं नाही. पुढच्या काही आठवड्यांत त्या फ्लूने सुमारे साडेआठ हजार माणसं नेली, म्हणजे दर पाच माणसांमागे एकाहून जास्त. वृद्ध मताई गेले, वक्ते गेले, वंशावळी त्यांच्याबरोबर गेल्या. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पॉयर यांनी बोटींना बंदी केली आणि तिथे एकही मृत्यू झाला नाही. दोन बेटांमधला फरक निव्वळ एका प्रशासकीय निर्णयाचा होता.

लोकांनी हे पोटात ठेवलं नाही. 'माऊ' नावाची अहिंसक चळवळ उभी राहिली. निळ्या वस्त्राला पांढरा पट्टा हा तिचा गणवेश, सामोआ सामोअनांचं ही तिची मागणी. आपल्याकडे असहकार चालू होता त्याच दशकात तिथेही लोकांनी कर नाकारले, सरकारी कामांवर बहिष्कार टाकला. २८ डिसेंबर १९२९ रोजी आपियातल्या शांत मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. लोकांना शांत राहा असं ओरडून सांगत पुढे आलेले सरदार तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे त्यात जखमी झाले आणि दुसऱ्या दिवशी गेले. माझ्या रक्ताचा सूड घेऊ नका, असं ते सांगून गेले. १ जानेवारी १९६२ रोजी सामोआ स्वतंत्र झाला, पॅसिफिकच्या बेटांमध्ये सर्वांत आधी.

बाहेरच्यांनी सामोआला जसं राबवलं तसंच चुकीचं वाचलंही. १९२५-२६ मध्ये मार्गारेट मीड ही तरुण मानववंशशास्त्रज्ञ मानुआतल्या ताऊ बेटावर राहिली आणि १९२८ च्या तिच्या पुस्तकाने जगाला सांगितलं की सामोअन मुलींचं वयात येणं निर्धोक, मोकळं असतं. १९८३ मध्ये, मीडच्या मृत्यूनंतर, डेरेक फ्रीमनने लिहिलं की हे सगळं चूक, हा समाज कडक आणि शिक्षेचा आहे, मुलींनी मीडला बनवलं. अभ्यासक अजून भांडतात. माझं मत असं की दोघांचीही नजर अमेरिकेतल्या वादाकडे होती. खुद्द सामोअन काय म्हणतात ते वाचायचं तर आल्बर्ट वेंट यांच्या कादंबऱ्या वाचाव्यात. गावाचं प्रेम आणि गावाचा जाच एकाच पानावर कसा असतो, ते तिथे कळतं.

त्या प्रेमाचं आणि जाचाचं नाव 'फाआलावेलावे'. कुटुंबातलं लग्न, मयत, किताबाचा सोहळा, चर्चचं उद्घाटन, जे काही येईल त्यात प्रत्येकाने आपला वाटा आणायचा. पूर्वी तो डुकरं, तालो आणि 'ईए तोंगा'च्या रूपात यायचा. ईए तोंगा म्हणजे केवड्याच्या जातीच्या पानांची चटई, पण चटई म्हणून तिच्यावर कोणी बसत नाही. पान उकळून, सुकवून, सोलून त्याच्या दोऱ्यासारख्या पट्ट्या काढायच्या आणि बायकांनी महिनोन्‌महिने विणायच्या. उत्तम चटई रेशमासारखी मऊ पडते, कडेला लाल पिसं असतात. ती जितकी हातोहात फिरते तितकी मोलाची. २०१९ मध्ये युनेस्कोने या कलेचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. अंगावर गोंदलेला 'पेआ' हाही असाच सगळ्यांसमोर पेललेला भार. कमरेपासून गुडघ्यापर्यंत, हाडाच्या दातेरी फणीवर हातोडी मारत, दिवसेंदिवस. अर्धवट सोडणाऱ्याला आयुष्यभर खाली मान घालावी लागते. इंग्रजीतला 'टॅटू' हा शब्द पॉलिनेशियातल्या याच 'ताताऊ'तून गेला आहे.

चटईचा सर्वांत हृदयस्पर्शी उपयोग 'इफोंगा'त होतो. कुणाच्या हातून खून झाला, अपघातात कोणी गेलं, तर अपराध्याचे मताई पहाटे मृताच्या घरासमोर येऊन जमिनीवर बसतात, डोक्यावरून ईए तोंगा ओढून. सोबत काही वेळा सरपण, दगड, पानं आणतात: आम्ही तुमच्या स्वाधीन आहोत, हवं तर आम्हालाच ऊमूत भाजा. आतले लोक पाहत राहतात. तास जातात. त्यांनी बाहेर येऊन चटई उचलली तर वैर संपलं. नाही उचलली, तर मार खायचीही तयारी ठेवून बसायचं. भिंती नसलेल्या घरासमोर, सगळ्या गावाच्या देखत.

१ ऑगस्ट २०२१ रोजी न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न ऑकलंडच्या टाउन हॉलमध्ये अशाच खाली बसल्या आणि पॅसिफिक समाजाच्या लोकांनी त्यांच्यावर मोठी पांढरी चटई पांघरली. कारण होतं १९७४ ते ७६ चे पहाटेचे छापे. कारखान्यांना मजूर हवे होते तोवर बेटांवरून लोकांना बोलावलं, मंदी आली तेव्हा व्हिसा तपासायला पोलिसांनी भल्या पहाटे त्यांची दारं ठोठावली, लहान मुलांसमोर बापांना नेलं. त्या वेळी मुदत उलटून राहणाऱ्यांत ब्रिटिश आणि अमेरिकन कमी नव्हते. त्यांची दारं कोणी वाजवली नाहीत. चटई उचलली गेली तेव्हा सभागृहात अनेकांना रडू आवरलं नाही.

आज न्यूझीलंडमध्ये दोन लाखांहून जास्त सामोअन आहेत, म्हणजे देशात जितके तितकेच तिथे. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका वेगळे. त्यांनी धाडलेला पैसा हा देशाच्या अर्थव्यवस्थेचा मोठा आधार आहे. पण ऑकलंडच्या गोदामात रात्रपाळी करणाऱ्या माणसाला महिन्याला दोन मयतं, एक लग्न आणि चर्चची वर्गणी येते तेव्हा तो कर्ज काढतो. चर्चमध्ये कोणत्या कुटुंबाने किती दिलं ते वाचून दाखवण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. चारचौघांतलं देणं माणसाला एकटं पडू देत नाही, आणि दमल्यावर बसूही देत नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एक सांगून दुसरी लपवणं मला अप्रामाणिक वाटतं.

बायकांच्या बाबतीतही असंच. परंपरेत बहीण ही भावासाठी पूज्य. बहिणीचा शब्द भावाने झेलायचा. पुरुष म्हणून जन्मून स्त्रीच्या रीतीने जगणाऱ्या 'फाआफाफिने'ना घरात जागा असते, त्या आजारी आईबापांना सांभाळतात, शाळेत शिकवतात. सून म्हणून आलेल्या बाईला मात्र बहिणीचा मान नसतो, आणि २०१८ मध्ये लोकपाल कार्यालयाच्या चौकशी अहवालाने घरगुती हिंसाचाराचं जे चित्र मांडलं ते भीषण आहे. काही गावं अजून बाईला मताई होऊ देत नाहीत, आणि संसदेला उभं राहायला मताई असावं लागतं. सगळ्या प्रौढांना मतदान मिळालं तेच मुळी १९९० च्या सार्वमतानंतर.

गावाची ही वीण संकटात काय करू शकते, तेही दिसलं आहे. २०१८ मध्ये चुकीचं द्रावण मिसळलेल्या लशीने दोन बाळं दगावली, लोकांचा विश्वास उडाला, लसीकरण कोसळलं. पुढच्या वर्षी गोवर आला आणि ८३ जीव गेले, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. ५ आणि ६ डिसेंबर २०१९ रोजी सरकारने सगळा देश बंद ठेवला. ज्या घरात लस घ्यायची राहिली आहे त्या घराने बाहेर लाल कापड टांगायचं होतं. झाडांना, खांबांना, कुंपणांना लाल फडकी बांधली गेली आणि पथकं दारोदार गेली. आमच्या घरात राहिलंय, हे सांगायची लाज कोणी धरली नाही.

थोडं क्रिकेटबद्दल, कारण मराठी वाचक त्याशिवाय सोडणार नाही. मिशनऱ्यांनी आणलेला खेळ सामोआने 'किरिकिती' केला: तिधारी लांब बॅट, अख्खं गाव संघात, विकेट पडली की नाच. आणि नियमाच्या क्रिकेटमध्ये २० ऑगस्ट २०२४ रोजी आपियात सामोआच्या डॅरियस व्हिसरने एका षटकात सहा षटकार मारले. तीन नो-बॉलही पडले आणि षटकाच्या ३९ धावा झाल्या. आंतरराष्ट्रीय टी-ट्वेन्टीत युवराज सिंगच्या २००७ च्या ३६ धावांपर्यंत अनेक जण पोहोचले होते, त्यापुढे गेलेला हा पहिला.

उरतो जमिनीचा मुद्दा, आणि गावाची रीत टिकण्याचं मूळ मला त्यात दिसतं. स्वतंत्र सामोआतली सुमारे ८० टक्के जमीन कुटुंबांच्या सामाईक मालकीची आहे आणि राज्यघटना ती विकू देत नाही. मताईचा किताब पोकळ मान राहत नाही तो यामुळे. त्याच्यामागे कसायची जमीन आहे. अमेरिकन सामोआचे लोक अमेरिकेचे 'राष्ट्रीय' आहेत पण जन्माने नागरिक नाहीत, राष्ट्राध्यक्षाला मत देऊ शकत नाहीत. काहींनी नागरिकत्वासाठी खटला भरला, तेव्हा त्यांच्याच सरकारने विरोध केला. अमेरिकी घटना पूर्ण लागू झाली तर सामाईक जमिनीचा कायदा टिकणार नाही, ही भीती. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला ऐकायला नकार दिला. हवाईच्या लोकांची जमीन कशी गेली हे ज्याला ठाऊक आहे तो त्या भीतीला हसणार नाही.

पश्चिमेच्या सामोअनांचं नागरिकत्व तर मिळून काढून घेतलेलं. १९८२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की न्यूझीलंडच्या राज्यात, १९२४ ते १९४८ दरम्यान, सामोआत जन्मलेले लोक न्यूझीलंडचे नागरिक आहेत. त्याच वर्षी न्यूझीलंडच्या संसदेने कायदा करून तो हक्क रद्द केला. तो परत देणारा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये झाला. त्याचा लाभ ज्यांना मिळू शकतो त्यांतली सगळ्यात धाकटी माणसं तेव्हा पंचाहत्तरीची होती.